घरचंच सॅम्पल

१२ मे

रक्ततपासणीच्या किटच्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला वाटलेली ही डायरी लॅबच्या कपाटात कोरीच पडली होती. आज घरी घेऊन आले. मन मोकळं करायला कोणीतरी हवं. वहिनीपाशी करता आलं असतं, पण बोलायचं आहे तेही तिच्याबद्दलच.

मला या घरात राहायची लाज वाटते. फेब्रुवारीत गावातलंच नवऱ्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले. दादाने बॅगा आत घेतल्या आणि वहिनीने ही लहान खोली दिली. भिंतींना ताजा फिकट पिवळा रंग होता, वाससुद्धा गेला नव्हता. माझ्यासाठी एवढी धावपळ केली म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी म्हणाली, "अगं, आधीच काढला होता." भिडस्त आहे, दुसरं काय. त्या आठवड्यात तिचं पोट बिघडलेलं होतं, कामावरही जात नव्हती. तरी मी रडायला लागले की अंथरुणातून उठून पाणी आणून द्यायची. मी ते घटाघटा प्यायचे आणि पुन्हा रडायला लागायचे.

वहिनी बसस्थानकावर उद्घोषणा करते. आमची लॅब रस्त्याच्या पलीकडे, त्यामुळे खिडकी उघडी असली की दिवसभर तिचा आवाज ऐकू येतो. "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..." गावातले निम्मे लोक तिला चेहऱ्याने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात. घरात मात्र ती हळू बोलते. घरात आवाज माझाच असतो, दादा म्हणतो ते खोटं नाही.

गेले काही दिवस तिचे केस फार गळतायत. बाथरूमच्या जाळीत पुंजके सापडतात. काल मी विचारलं तर म्हणाली, "दादाला बोलू नकोस." म्हणून आज तिच्यासाठी केसांच्या गोळ्या आणल्या. बायोटिन म्हणजे साधं जीवनसत्त्व, जास्त झालं तरी लघवीतून निघून जातं. बाटली हातात दिली तर केवढी खूश झाली. "वन्सं, लाडात आलात," म्हणाली. लग्न होऊन आली तेव्हापासून मला चिडवायला 'वन्सं' म्हणते, आणि एरवी 'तू'. मला जरा हलकं वाटलं. एवढं खाते या घरात, निदान केसांची तरी काळजी घेतली.

४ जून

केस गळायचे थांबेनात. वहिनी थकल्यासारखीही वाटते. म्हटलं थायरॉइड बघून टाकावं. तिला सुईची भीती, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत इथेच स्वयंपाकघरात रक्त घेतलं. ती डोळे मिटून फलाटांचे आकडे म्हणत होती. सहापर्यंत पोचायच्या आत ट्यूब भरली.

मॅडमचा नियम आहे की प्रत्येक नवीन पेशंटला समोर बसवून फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे. सध्या कोणती औषधं, आधीचा आजार, ऑपरेशन, बायकांना गेल्या वर्षभरातलं गरोदरपण. मॅडम पॅथॉलॉजिस्ट आहेत आणि या फॉर्मचं त्यांना भारी वेड आहे. मी लॅबमध्ये जाऊन अर्ध्या मिनिटात भरून टाकला. काही नाही, काही नाही, काही नाही, नाही. खाली सही. घरचंच सॅम्पल, विचारायचंय कोणाला.

५ जून

वहिनीचा रिपोर्ट आला. टीएसएच जवळजवळ शून्य, टी-थ्री, टी-फोर दोन्ही वर. मशीनवर पुन्हा लावला, तेच आकडे. आकडे आधीच माहीत असलेली कंट्रोल सॅम्पलं बरोबर येतायत. मशीन खोटं बोलत नाही.

दादाला समजावताना त्याचा चेहरा उतरला. म्हटलं, बघ, मानेत ही थायरॉइड, शरीराची शेगडी. किती आच ठेवायची ते डोक्यातली पीयूषिका ग्रंथी सांगते. आच कमी पडली की ती ओरडते, भरपूर असली की गप्प बसते. तिचं ओरडणं म्हणजे टीएसएच, आणि आच म्हणजे टी-थ्री, टी-फोर. वहिनीची पीयूषिका एकदम गप्प आहे, म्हणजे शेगडी भडकलीय. दादा म्हणाला, "पण ही तर पहिल्यासारखीच दिसते." मी म्हटलं, आतून बिघडलेलं बाहेर लगेच दिसतं होय? इतकी वर्षं हेच करतेय मी.

खरं म्हणजे मला टोचणी लागलीय. दिवसाला चाळीस थायरॉइडचे रिपोर्ट काढणारी मी, आणि घरातल्या बाईकडे चार महिने लक्ष दिलं नाही.

९ जून

वहिनीला ग्रंथींच्या डॉक्टरांकडे नेलं. मी बरोबर होते म्हणून बरं, तिच्याने काही सांगणं होत नाही. त्यांनी एक विचारलं की मी पुढचं पण सांगून मोकळी. थायरॉइडचं काम दाबणाऱ्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीन. मग विचारलं, "मुलाबाळांचा विचार आहे का? या गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत." वहिनीने तोंड उघडलं होतं, पण मी म्हटलं, "छे हो डॉक्टर, तसलं काही नाही." तिला अवघड वाटू नये म्हणून. लग्नाला आठ वर्षं झाली, आता कसला विचार.

येताना ती रिक्षात बाहेर बघत बसली होती. आजाराला घाबरली असेल बिचारी.

६ जुलै

महिन्याचा रिपोर्ट. टीएसएच अजून शून्याला चिकटलेला. डॉक्टरांकडे रिपोर्ट मीच नेऊन दाखवला, वहिनीची रजा कशाला घालवायची. त्यांनी विचारलं, "पेशंटला कसं वाटतंय?" म्हटलं, ठीक आहे, जरा थकवा आहे. त्यांनी गोळ्यांची मात्रा वाढवली, दिवसाला तीनच, पण दुप्पट ताकदीच्या.

थकवा म्हणजे काय, जेवता जेवता झोपते. काल भाजीत दोनदा मीठ घातलं. पावसाने ओढ दिलीय, अंगाची लाही होतेय आणि बाईसाहेब पंखा बंद करून मोजे घालून बसतात. मी चिडून म्हटलं, "वहिनी, शेगडी भडकलेल्या माणसाला गरम व्हायला पाहिजे, तुझं सगळं उलटंच." ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकाला सांग, मला थंडी वाजते." आम्ही दोघी हसलो. मग मी पंखा लावला, कारण मला उकडत होतं.

केस मात्र गळायचे थांबलेत. नवे बारीक केस कपाळावर उभे राहिलेत. एक तरी काम धड केलं मी.

२८ जुलै

आज लॅबमध्ये सगळ्यांसमोर हसू झालं. वहिनीने चार नंबरची गाडी सात नंबरवर पुकारली. माणसं बोजे घेऊन पळाली, मग परत पळाली. आमच्या झाडूवाल्या मावशी खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या वहिनीला झोप लागली का काय?" मी हसले. हसायला नको होतं.

आवाजही बदललाय. जाड झालाय, घोगरा, शब्द ओढल्यासारखे. चेहरा सुजलाय, अंगठी निघत नाही.

घरी आल्यावर मी तिला बोलले. "गोळ्या नीट घेतेस ना? की मला आणि डॉक्टरांना फसवतेयस? रिपोर्ट ढिम्म हलत नाही, मग काय समजायचं?" ती ताटं पुसत होती. म्हणाली, "घेते गं. तीनही घेते. तुझ्या केसांच्या पण घेते, एक दिवस चुकवत नाही." मी म्हटलं, केसांच्या राहू देत, त्या निरुपद्रवी आहेत, मी थायरॉइडच्या विचारतेय. ती ताटं मांडणीत ठेवून आत गेली. नंतर तिला बाथरूममध्ये नळ सोडून रडताना ऐकलं. आजारी माणसाला असं बोलायचं असतं का? मला माझ्या सासूची आठवण झाली आणि स्वतःची किळस आली.

८ ऑगस्ट

बसस्थानकाच्या व्यवस्थापकांनी वहिनीला बोलावून घेतलं. प्रवाशांच्या तक्रारी आहेत म्हणे. तूर्त रेकॉर्ड केलेला आवाज लावलाय. ती आता तिकिटाच्या खिडकीमागे पासांचे अर्ज लावत बसते. आज दिवसभर लॅबच्या खिडकीतून कोणीतरी परकी बाई गाड्या पुकारत होती, सगळ्या सारख्याच सुरात. मी खिडकी लावून घेतली.

वहिनी घरी आली आणि म्हणाली, "तिला श्वास घ्यावा लागत नाही, मला लागतो. कशी टिकणार मी?" आवाज एवढा बसलाय की दादाला ऐकूच गेलं नाही.

११ ऑगस्ट

मान पुढून फुगलीय, गळ्यातली साखळी वर चढून बसते. आज स्कॅन झाला. ग्रंथी मोठी झालीय आणि स्कॅनसाठी टोचलेलं औषध भुकेल्यासारखी ओढून घेतेय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या दाद देत नाहीत, गाठ वाढतेय, काढून टाकलेली बरी. सव्वीस तारीख ठरली. आवाजाची नस तिथूनच जाते, शंभरात एखाद्याला आवाजाचा त्रास राहतो, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग वहिनीकडे बघून विचारलं, "थंडी वाजते का हो तुम्हाला?" मी म्हटलं, ती पहिल्यापासूनच थंडीला नाजूक आहे.

असं मी का म्हटलं? ती पहिल्यापासून अजिबात नाजूक नाही. पहाटेच्या पाळीला बिनस्वेटरची जायची. मला फक्त लवकर आटपायचं होतं, लॅबमध्ये ट्यूब खोळंबल्या होत्या.

१४ ऑगस्ट

खोलीचं दार लावून लिहितेय.

आमचं हार्मोनचं मशीन ज्या टेबलावर आहे त्याचा एक पाय आखूड आहे. किटच्या खोक्यात दर वेळी एक लांबलचक माहितीपत्रक येतं, ते घडी घालून मी त्या पायाखाली सारते. कैक वर्षांची पद्धत आहे. आज टेबल डुगडुगायला लागलं, म्हणून जुनी चवड काढली आणि नवीन पत्रकाची घडी घालायला बसले. घडी घालताना एक ओळ डोळ्यांपुढे आली. बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांत टीएसएच खोटा कमी येऊ शकतो, टी-थ्री आणि टी-फोर खोटे वाढलेले येऊ शकतात. सॅम्पल घेण्यापूर्वी गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्यात.

मी जमिनीवरच बसून राहिले. मग पायाखालची जुनी चवड उलगडली. प्रत्येकात ती ओळ होती.

आमच्या किटमध्येच बायोटिन वापरतात, आकडा पकडायला. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन पोहत असेल तर सगळा हिशेब उलटा होतो. वहिनीची शेगडी कधी भडकलीच नव्हती. ती व्यवस्थित होती. मी गोळ्या आणल्या, मी रक्त घेतलं, 'काही नाही' मी लिहिलं, आणि मग दोन महिने औषधं देऊन आम्ही ती विझवत आणली. तिला थंडी वाजत होती कारण तिला थंडी वाजत होती. मान फुगली कारण पीयूषिका जिवाच्या आकांताने ओरडतेय आणि बिचारी ग्रंथी हात बांधलेले असताना काम करायला बघतेय. माझ्या मशीनला ते ओरडणं ऐकू येत नव्हतं. ती मात्र रोज तोंडाने सांगत होती.

धडधाकट ग्रंथी सव्वीस तारखेला कापून काढणार आहेत.

१५ ऑगस्ट

सांगितलं नाही.

सकाळी ठरवलं होतं. दादा दाढी करत होता, वहिनी मोजे घालत होती. "मला काहीतरी बोलायचंय," एवढं म्हटलं. वहिनी म्हणाली, "बोल ना." मी म्हटलं, केसांच्या त्या गोळ्या आता बंद कर, ऑपरेशनच्या आधी नकोत. ती म्हणाली, "बरं." बाटली मी माझ्या बॅगेत टाकली.

माझी योजना अशी. तीन दिवसांत बायोटिन उतरेल. मग पुन्हा रक्त घ्यायचं, खरा रिपोर्ट येईल, डॉक्टरांना वाटेल गोळ्यांचा गुण उशिरा आला. ऑपरेशन रद्द. कोणाला काही कळायचं नाही. लिहून काढल्यावर ही योजना किती हलकट दिसते.

१७ ऑगस्ट

लॅबच्या फायलीतून चार जूनचा फॉर्म काढून आणला. माझं अक्षर, माझी सही. फाडायला घेतला आणि फाडवेना. आता तो या डायरीत आहे. म्हणजे वर चोरीही झाली.

वहिनी आज रात्री तिसरी गोळी घेताना म्हणाली, "कडू आहेत गं या." मी पाण्याचा पेला भरून दिला. ती गोळी तिला नको आहे हे माहीत असून पेला भरून दिला. आता लाज वाटते म्हणणंसुद्धा नाटकी वाटतं.

१९ ऑगस्ट

काल रक्त घेतलं, आज लावलं. टीएसएच ब्याऐंशी, पाचच्या आत असायला हवा तो. टी-फोर तळाला.

आता गोळ्यांचा गुण उशिरा आला असं कोण म्हणेल? हा आकडा बघून शिकाऊ मुलगीसुद्धा विचारेल की आधीचे रिपोर्ट कोणी काढले. माझी योजना तिथेच आडवी झाली, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. स्वतःहून सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. आकड्याने माझी मान धरली.

चौदा तारखेपासून मी गप्प आहे. तेवढ्यात तिने अठरा गोळ्या गिळल्या. पाकिटावर मोजल्या.

२० ऑगस्ट

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. पत्रक, फॉर्म, तिन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं, तो फॉर्म घरी नेला होता ते पण. मॅडमनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. पहिलं वाक्य म्हणजे, "डॉक्टरांना फोन लाव, आत्ता." मी बोलले. त्यांनी आधी टीएसएचचा आकडा दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "गोळ्या या क्षणापासून बंद. ऑपरेशन रद्द. आणि मी तिला थंडी वाजते का विचारलं होतं." म्हटलं, हो, तुम्ही तिला विचारलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही लोक पत्रकं वाचता का, हे मीही तपासायला हवं होतं. ते माझं. पण फॉर्म तुझा." वर्षभराचे सगळे थायरॉइड रिपोर्ट काढून त्या पेशंटना फोन करायचं काम लागलंय. मशीन माझ्याकडून काढून घेतलं. उद्यापासून मी पुढच्या टेबलावर, फॉर्म भरायला.

घरी सांगणं त्याहून कठीण होतं. वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, दादा शेजारी. मी उभ्यानेच सांगितलं. दादा म्हणाला, "तिला विचारायचंस ना एकदा. समोर तर होती." वहिनी दादाचा शर्ट हातात धरून बसली होती. "म्हणजे मला काही झालंच नव्हतं?" घोगऱ्या आवाजात तिने विचारलं. मी मान हलवली. तिने शर्टाची घडी पूर्ण केली, दुसरा घेतला. तोही झाला. मग म्हणाली, "आणि परवा मला गोळीबरोबर पाणी दिलंस, तेव्हा तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

ती उठून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

५ सप्टेंबर

वहिनी माझ्याशी बोलते. जेवलीस का, किल्ली घेतलीस का. पण 'वन्सं' म्हणत नाही. पंधरा दिवस झाले. एवढासा शब्द, पण घरात शिरल्यावर कान तेवढ्यासाठीच टवकारलेले असतात.

मी दुसरीकडे राहायला जाते म्हटलं तर दादा म्हणाला, "पळून जाऊ नकोस आता." वहिनी तिथेच होती. तिने राहा म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही.

सूज उतरतेय. परवा पंखा तिने स्वतः लावला. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

२३ सप्टेंबर

पुढच्या टेबलावर दिवसाला साठ माणसं. सध्या कोणती औषधं? काही नाही म्हणतात. मग मी विचारते, केसांच्या, नखांच्या, ताकदीच्या, कोणी सांगितलेल्या? मग पिशव्यांतून बाटल्या निघायला लागतात. एका काकांनी तर बायकोच्या गोळ्या दाखवल्या, ती घेते म्हणून मीही घेतो म्हणाले. मॅडम जाता जाता ऐकत होत्या. काकांचं होईपर्यंत थांबल्या होत्या.

विचारून गप्प बसायचं, हे मला जमत नव्हतं. उत्तर यायच्या आत मीच भरून टाकायचे. आता जीभ दाताखाली धरून बसते. माणसं वेळ घेतात, पण सांगतात.

१२ ऑक्टोबर

आज खिडकीतून वहिनीचा आवाज आला. दुपारच्या गाड्या तिला परत दिल्यात, बघू कसं जमतं म्हणून. थोडा जाड आहे अजून. पण "सात" म्हणताना ती जरा रेंगाळते, तशीच रेंगाळली. मावशींनी झाडू थांबवला. मी फॉर्मवर कोणाचं तरी वय चुकीचं लिहिलं आणि खोडलं.

१९ ऑक्टोबर

वहिनीचा तपासणीचा दिवस. म्हटलं घरीच रक्त घेऊ का, तर म्हणाली, "नको. लॅबमध्ये येते." आली, नंबराचा कागद घेतला, सगळ्यांसारखी बाकावर बसली. तिचा नंबर आल्यावर माझ्यासमोर खुर्चीत बसली, पर्स मांडीवर.

मी नवा फॉर्म घेतला. नाव, वय मला पाठ. तरी विचारलं. तिने सांगितलं, स्पष्ट, फलाटावर पुकारावं तसं.

"सध्या कोणती औषधं?"

"काही नाही. केसांच्याही नाहीत."

"आधीचा आजार?"

"एक होता. तो नव्हता असं निघालं."

"ऑपरेशन?"

"होता होता राहिलं."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. मला धीर आला. शेवटचा प्रश्न राहिला होता आणि सवयीने माझं पेन 'नाही'वर गेलं होतं. टोक कागदाला टेकलंसुद्धा होतं. मी ते उचललं.

"गेल्या वर्षभरात गरोदरपण?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी जीभ दाताखाली धरली. बाहेर ती रेकॉर्डवाली बाई कुठलीशी गाडी पुकारत होती. ती थांबेपर्यंत वहिनी थांबली.

"हो," म्हणाली. "चौथा महिना होता. फेब्रुवारीत गेलं. तू आलीस त्याच्या दोन दिवस आधी."

मी मनात महिने मोजले. दिवस गेले की हार्मोन चढतात, पोट रिकामं झालं की एकदम उतरतात, आणि तीनेक महिन्यांनी केस गळतात, आपोआप थांबतात. हे कुठल्याही पुस्तकात आहे. मे महिन्यात मी तिला गोळ्या आणून दिल्या, जूनमध्ये 'नाही' लिहिलं, आणि डॉक्टरांसमोर तिने तोंड उघडलं होतं तेव्हा 'तसलं काही नाही' म्हटलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मुलावरून सहा वर्षं बोलणी खाऊन आली होतीस. तुला काय सांगायचं? आणि नंतर राहूनच गेलं." तिने पर्सची चेन उघडली, परत लावली. "कोणी विचारलं पण नाही."

मी टेबलावरून तिचा हात धरला. तिने धरू दिला, थोडा वेळ. मग सोडवून घेतला आणि फॉर्मवर बोट ठेवलं.

"लिही, वन्सं. मागे रांग आहे."

मी 'हो'वर खूण केली.

संध्याकाळी घरी आले, तर माझ्या खोलीत जायला पाय उचलेना. त्या फिकट पिवळ्या भिंतींकडे बघत उंबऱ्यावर उभी राहिले. वहिनी मागून वाळलेले कपडे घेऊन आली. "काय झालं?" म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "रंग छान आहे."

"हो," वहिनी म्हणाली. "आम्ही दोघांनी निवडला होता."